आबांचा माउस काढून टाकला

माझ्या वडिलांना आम्ही आबा म्हणतो. एकतीस वर्षं त्यांनी केरळात गलाईचं दुकान चालवलं. गलाई म्हणजे लोकांचं जुनं सोनं भट्टीत वितळवून शुद्ध करून द्यायचं. आमच्या विट्याकडं घरटी एक माणूस तरी या धंद्यात कुठल्यातरी लांबच्या शहरात बसलेला असतो, त्यामुळं यात सांगण्यासारखं काही नाही. धंदा सोडून घरी आल्यावर चार वर्षांनी आबांचा उजवा हात थरथरायला लागला, तिथून सांगायला सुरुवात करतो.

सांगलीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं की ही थरथर जाणार नाही, वाढण्याचा वेग कमी करता येईल. आबांनी ते ऐकून घेतलं, आणि बाहेर आल्यावर मला एकच विचारलं, "मशीन चालवता येईल न्हवं?" मशीन म्हणजे कॉम्प्युटर. माझा जुना लॅपटॉप मी त्यांना दिला होता आणि त्यावर ते एक यादी करत होते. आपल्या आणि आजूबाजूच्या गावांतून गलाईला कोण गेलं, कुठल्या शहरात बसलं, त्याच्या घरी फोन कुणाला करायचा, याची ती यादी. ती सुरू व्हायला कारण घडलं होतं. गावातला एकजण आसामकडं दवाखान्यात पडला, आणि त्याच शहरात आपल्याच तालुक्याची आणखी चार दुकानं आहेत हे इथं कुणालाच माहीत नव्हतं. तो बरा झाला, पण आबांच्या डोक्यात ते बसलं. यात्रेला सगळे गलाईवाले गावाकडं आले की आबा वही घेऊन देवळासमोर बसायचे आणि येईल त्याला गाठायचे. आई म्हणायची, लोक देवाच्या आधी ह्यांच्या पाया पडून जातात, सुटका व्हावी म्हणून.

मी सांगलीजवळ माधवनगरला भाड्यानं राहतो आणि घरूनच एका कंपनीची प्रोग्रॅमिंगची कामं करतो. सांगलीहून विटा दीड तास. दर रविवारी जायचो. हाताचं सुरू झाल्यावर दर रविवारी नवीन काहीतरी बिघडलेलं असायचं. आबांना एका बाजूला वहीच्या पानांचे फोटो आणि दुसऱ्या बाजूला तक्ता, अशा दोन खिडक्या शेजारी शेजारी लागायच्या. माउस धरून त्या ओढायला जावं तर हात मध्येच झटका घ्यायचा, की एक खिडकी दुसरीच्या खाली. मग "गेली" म्हणून हाका. एकदा अख्खं फोल्डर दुसऱ्या फोल्डरच्या पोटात टाकलं आणि दोन दिवस शोधत बसले. शेवटी शेजारच्या, कॉलेजात जाणाऱ्या मुलीला बोलावून क्लिक करून घ्यायचे. ती चांगली होती, हसतमुखानं यायची. पण ती येऊन गेली की आबा दिवसभर बोलायचे नाहीत, असं आई म्हणाली.

मी मोठा माउस आणला, मग मधे गोळा असलेला आणला, मग पेनासारखा एक आणला. लॅपटॉप जुना, त्यापेक्षा माउसच महाग. नाकापेक्षा मोती जड. एकाचाही उपयोग झाला नाही.

मी स्वतः तीन वर्षांपासून विंडोजऐवजी लिनक्सवर टायलिंग विंडो मॅनेजर वापरतो. मी मुळात तापट. खिडक्या ओढून कोपरे जुळवत बसणं मला जमत नाही, म्हणून मी तिकडं वळलो, त्यात कुठलं शहाणपण नव्हतं. त्याचा प्रकार असा की खिडक्या एकमेकींवर पडतच नाहीत. एक उघडली तर तिला पूर्ण पडदा. दुसरी उघडली की पहिली आपोआप अर्ध्यावर येते. पंगतीत माणूस वाढला की आधीचे सरकून घेतात, तसं. ओढायचं काही नसतं, माउस लागतच नाही, सगळं बटणांवर. हे आबांना लावावं असं माझ्या डोक्यात यायला सहा महिने लागले. समोर उत्तर असून मी माउस विकत घेत फिरत होतो. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मीच.

मी त्यांना माझ्या मशीनवर दाखवलं. त्यांनी एक बटण दाबलं, पडद्याचे दोन भाग झाले. पुन्हा दाबलं, तीन झाले.

"वाटणी झाली म्हण की," आबा म्हणाले.

"व्हय. सरळ वाटणी."

"पर भांडण न्हाई, हे बरं हाय."

त्या रविवारी मी यादी जपून ठेवून त्यांच्या लॅपटॉपवरचं बाकी सगळं जुनं काढलं आणि माझ्यासारखंच बसवलं. हात थरथरला की एकच बटण दोनदा दाबलं जायचं, म्हणून दुसरा दाब मोजायचाच नाही अशी सोय केली. दोन बटणं एकदम धरावी लागू नयेत, एक दाबून सोडलं आणि मग दुसरं दाबलं तरी चालावं, अशीही केली. विट्यात दारावरच्या पाट्या करून देणारा एकजण आहे. त्याच्याकडून कीबोर्डच्या मापाची ॲक्रिलिकची पट्टी कापून घेतली, प्रत्येक बटणावर एक भोक. हात पट्टीवर टेकवायचा आणि हवं ते बटण भोकातून दाबायचं. पाटीवाल्याला आधी समजेना, आणि समजल्यावर त्यानं पैसे घेतले नाहीत. त्याचा थोरला भाऊही गलाईला होता, यादीत त्याचं नाव होतं.

शेवटी माउस काढून मी पिशवीत टाकला. आबा बघत होते. "न्हेतोस?" म्हणाले. मी म्हटलं, न्हेतो.

पहिले दहा दिवस फोनवर नुसती भांडणं. त्यांचा स्वभाव माझ्यासारखाच, किंवा माझा त्यांच्यासारखा. मी म्हणायचो, कागदावर लिहून दिलंय ते वाचा की. ते म्हणायचे, तुझं अक्षर कोंबडीनं उकरल्यागत हाय. आईनं दोघांनाही सांगितलं, एका घरात दोन भट्ट्या पेटवू नका, एकानं तरी विझावं. मग एका गुरुवारी दुपारी त्यांचा फोन आला, मी कामात होतो.

"आज सतरा माणसं टाकली."

"बरं झालं."

"कुणाला न इचारता," आबा म्हणाले. लगेच पुन्हा म्हणाले, "एकाला सुदिक इचारलं न्हाई. त्या पोरीला आता सांग, यायचं काम न्हाई म्हणून. न्हाई, ऱ्हाऊ दे. मीच सांगतो."

त्यांना काय हवं होतं ते त्या फोनवर मला कळलं. यादी हवी होतीच, पण ती स्वतःच्या हातानं व्हायला हवी होती. हे मला कळलं होतं, म्हणून पुढं मी जे केलं त्याला माफी नाही.

झालं असं. आबा फक्त मराठीत टाईप करतात, म्हणून मी त्यांच्या मशीनचा कीबोर्ड मराठी करून ठेवला होता, नुसता मराठी. इंग्रजी ठेवायचीच कशाला, चुकून लागली तर पुन्हा घोटाळा, असा माझा विचार. पण खिडक्या उघडायच्या, मिटवायच्या, सरकवायच्या त्या सगळ्या आज्ञा मी इंग्रजी अक्षरांवर बांधल्या होत्या. हा बदल मशीन बंद करून चालू केल्यावरच लागू होणार होता, आणि बंद करायचं नाही असं मीच सांगितल्यामुळं तोवर मराठी-इंग्रजी दोन्ही चालू राहिल्या होत्या. एक दिवस चार तास लाइट गेली, बॅटरी संपली, मशीन बंद पडलं, आणि परत सुरू झालं ते पक्कं मराठी होऊन. आता इंग्रजी अक्षर त्याला माहीतच नाही. आबा बटण दाबतायत आणि मशीन मख्ख. जगात कुणा इंग्रजाला ही चूक करता येणार नाही, ती करायला मराठी माणूसच हवा.

"बटणं ऐकत न्हाईत," आबांचा फोन. "माझंच काय चुकलं का?"

मी म्हटलं, थांबा, बघतो. आता हे सांगायला हवं की त्यांच्या मशीनमध्ये लांबून शिरायची एक वाट मी पहिल्याच दिवशी करून ठेवली होती. सांगलीत बसून मला त्यांच्या फाइली उघडता येत, बदलता येत. अडीअडचणीला असावी म्हणून केली. त्यांना सांगितलं नव्हतं. लपवायचं असं काही नव्हतं, पण सांगितलं नव्हतं हे खरं. त्या वाटेनं आत गेलो, दोन मिनिटांत दुरुस्त केलं.

"आता बघा."

"चाललं. काय केलंस रं?"

"काही न्हाई. कधी कधी अडकतं, आपोआप सुटतं," मी म्हणालो. का म्हणालो कुणास ठाऊक. माझी चूक होती हे कबूल करायचा कंटाळा, दुसरं काय.

एकदा वाट वापरली की ती मळते. आबा दुपारी जेवून आडवे व्हायचे, तासभर. त्या वेळात मी शिरायला लागलो. आधी सहज बघायला. मग एखादं अक्षर दोनदा पडलेलं दिसलं तर काढायला. मग गावं वर्णानुक्रमानं लावायला. आबा उठून चार वाजता मशीनसमोर बसायचे आणि त्यांना तक्ता थोडा नीटनेटका दिसायचा, ते काही बोलायचे नाहीत. मला वाटायचं, मी मदत करतोय. चांगलं वाटायचं मला, खोटं कशाला बोलू. रविवारी जेवताना आबा आईला सांगायचे, "आता चुका लय कमी होत्यात माझ्या," आणि मी भाकरी मोडत असायचो.

मग एका दुपारी मला यादीत तीच ती माणसं दिसली. नाव तेच, वडिलांचं नाव तेच, आडनाव तेच, गाव तेच. अशा अकरा जोड्या. म्हटलं, हात थरथरून दोनदा टाकली गेली. जोडीतली एकेक ओळ उडवली. सगळ्याला चार-पाच मिनिटं लागली असतील.

आमच्याकडं एका भावकीत एकाच नावाची तीन माणसं असतात. आजोबाचं नाव नातवाला, आणि नातू पाच, म्हणजे चुलत भावांची नावं सारखी. चुलत-चुलत घरांत बापांचीही तशीच. गावात त्यांना मळ्यातला, वड्याकडचा, भुऱ्या, लांबड्या असं ओळखतात आणि कुणाचा घोटाळा होत नाही. मी त्याच गावात वाढलो. माझ्या वर्गात एका नावाचे दोघं होते, आणि त्यातल्या एकाला मी दगड मारला म्हणून दुसऱ्याच्या आईनं मला धरलं होतं. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण सांगलीत खुर्चीत बसून पडद्यावर बघताना मला माणसं दिसलीच नाहीत, सारख्या ओळी दिसल्या; शहर आणि फोन वेगळे होते, ते मी बघितलेच नाहीत. अकरा माणसं मी पुसून टाकली.

पुढच्या रविवारी गेलो तर लॅपटॉपवर टॉवेल टाकलेला होता. आबा पलीकडं पेपर वाचत होते. मी विचारलं, काम झालं का बंद?

"जमत न्हाई आता," आबा म्हणाले.

मग आईनं आत सांगितलं. कुणाचातरी फोन आला, वड्याकडचा हल्ली कुठल्या गावात दुकान टाकून बसलाय म्हणून विचारायला. अमुक दिवशी त्याची माहिती यादीत घातलेली आबांना पक्की आठवत होती. शोधली तर नाही. मग आणखी एक नाही. दिवसभर वही आणि तक्ता लावून बघत बसले तर अकराजण नाहीत. "म्हणाले, माझ्याच हातानं गेली. कुठंतरी भलतंच बटण दाबलं असणार, आणि मला कळलं सुदिक न्हाई," आई सांगत होती. "दाढी करायला आता न्हाव्याला घरी बोलावतात. चमचा घेतलाय जेवायला, डाव्या हातात. बँकेत सही करायची तर म्हणाले अंगठा चालतो का इचार. उजवा हात आता मांडीखालीच घालून बसतात."

मी ऐकलं आणि बाहेर येऊन चहा प्यालो. तिथंच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. आबा पेपर वाचत होते आणि उजवा हात खरंच मांडीखाली होता, हे मी बघितलं आणि तरी पाच वाजताची गाडी धरून माधवनगरला आलो. मला भीती वाटत होती. त्यांच्या शिव्यांची नाही, शिव्या मी जन्मभर खाल्ल्यात. पण आजवरच्या कमी झालेल्या चुकाही मीच काढल्या होत्या, ते सांगावं लागलं असतं. "कुणाला न इचारता" यातलं निम्मं मी काढून घेणार होतो. न सांगावं तर चूक त्यांच्या हाताच्या नावावर राहते. सांगावं तर काम त्यांच्या नावावरचं जातं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते मी दुसऱ्याच्या हातावर केलं होतं.

सोमवार, मंगळवार, बुधवार असे तीन दिवस मी कामात कुणाशी धड बोललो नाही. गुरुवारी रजा टाकली आणि सकाळच्या गाडीनं विट्याला गेलो. मधल्या वारी आलेला बघून आई दारातच म्हणाली, नोकरी गेली का काय?

आबांसमोर बसलो आणि एका दमात सांगितलं. लांबून शिरायची वाट आहे, मी दुपारी शिरायचो, अक्षरं नीट करायचो, आणि अकरा माणसं मी पुसली. सारखी नावं बघून पुसली.

आबांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला.

"कवापासनं?"

"लाइट गेलती तवापासनं."

"रोज?"

"बहुतेक रोज."

त्यांनी टॉवेलखालच्या लॅपटॉपकडं बघितलं. मग म्हणाले, "दुकानात आमचा एक नेम होता. भट्टीवर सोनं वितळवायच्या मुशीला ज्यानं हात लावला त्यानंच ती शेवटपर्यंत सांभाळायची. दुसऱ्यानं मधे हात लावला तर लावला, एखाद्या वेळी लागतो. पर काट्यावर सोनं चढायच्या आधी तोंडानं सांगायचं, मी हात लावलाय म्हणून. न सांगणाऱ्याला मी दुसऱ्या दिवशी गावाकडं पाठवायचो. का, सांग."

"चोरी म्हणून?"

"चोरीचं न्हाई रं. सोनं कमी भरलं की मूस सांभाळणारा सवतावर इस्वास ठेवत न्हाई. तो कारागीर मग कामाचा ऱ्हात न्हाई. चांगली चांगली पोरं वाया गेल्याली बघितल्यात मी."

मी मान खाली घातली. लाज वाटत होती, आणि ते मी त्यांना सांगितलंही. म्हणालो, आबा, मला लय लाज वाटती. त्यांनी ते न ऐकल्यासारखं केलं.

"ती वाट बंद कर," ते म्हणाले. "माझ्यासमोर."

टॉवेल काढला, मशीन उघडलं, वाट बंद केली. काय काय करतोय ते एकेक सांगत केली. जुनी प्रत माझ्याकडं होती, अकराही माणसं एका आज्ञेत परत आली असती. मी तसं म्हणालो.

"तू वाच," आबा म्हणाले. "मी घालतो."

मी फोनवर जुनी प्रत उघडली आणि वाचायला लागलो. नाव, गाव, शहर, घरचा फोन. आबांनी हात मांडीखालून काढून पट्टीवर टेकवला. हात पहिल्यापेक्षा जास्त हलत होता, आठवडाभर त्याला कामच नव्हतं. एक ओळ घालायला पाच-सहा मिनिटं लागत होती. चूक व्हायची, ते खोडायचे, पुन्हा घालायचे. मी दात आवळून बसलो होतो. चौथ्या माणसाच्या वेळी त्यांनी मला थांबवलं आणि शहर बदललं. म्हणाले, हा आता तिथं न्हाई, यात्रेत भेटला तवा सांगितलंय. सातवा झाल्यावर ते अचानक थांबले आणि स्वतःच्या हाताकडं बघायला लागले. मला वाटलं, दमले.

"म्हंजे ही गेली ती माझ्या हातानं न्हाई गेली," ते म्हणाले.

"न्हाई."

"एक सुदिक?"

"एक सुदिक न्हाई. अकराच्या अकरा मी."

आबांनी स्वयंपाकघराकडं तोंड केलं. "आगं ए," त्यांनी आईला हाक मारली, "माझा हात न्हवता. ह्येनं केलंय ते."

इतका आनंदलेला आवाज मी त्यांचा कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. माझ्यावर चिडायचं ते विसरूनच गेले होते. मला शिव्या चालल्या असत्या, मारलं असतं तरी चाललं असतं. आतून फोडणीचा आवाज आला आणि त्यावरून आई म्हणाली, व्हय का. तिला नीट ऐकू गेलं नसावं असं आबांना वाटलं. ते उठले, दारापर्यंत गेले, आणि तिला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.